मामांचा फोटो सातवीच्या वर्गात

जगातली कोणतीही वस्तू थोडी उजळून, थोडी कापून आणि मागचा पसारा पुसून घेतल्याशिवाय बघण्यालायक होत नाही, अशी अढळ श्रद्धा असलेला एकच माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. मानवतजवळच्या एका खेड्यात ते जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतात. फार चांगलं शिकवतात, असं पोरांचे आईबाप म्हणतात. आईबापांचं काय जातंय? त्यांना या माणसाबरोबर लग्नकार्यात शेजारी बसावं लागत नाही. आपण काहीतरी जिव्हाळ्याचं सांगत असतो आणि त्यांची नजर आपल्या चेहऱ्यावरून, जुनं घर विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी, फिरत असते. मग मध्येच म्हणतात, "भाऊ, जरा खिडकीकडं सरका. तुमचा डावा गाल लय अंधारात हाय." माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा बाकीचे नाक कुणावर गेलं म्हणून भांडत होते. हे पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "कॉन्ट्रास्ट चांगलाय." बाळंतिणीने दुसऱ्याच दिवशी लेकरू डॉक्टरला दाखवून आणलं.

शाळेला तीन टॅब मिळाले तेव्हापासून हे जुनं दुखणं बळावलं. इंटरनेटवर फोटो टाकायचा, एक बटण दाबायचं आणि मागचं सगळं गायब, ही करामत त्यांनी पाहिली आणि सातवीचा एकही विषय फोटोवाचून उरला नाही. अपूर्णांक म्हणजे फोटो कापणे. भूगोल म्हणजे गोदावरीच्या एकाच फोटोत सकाळची संध्याकाळ करणे. भाषेच्या तासाला पोरं आपापल्या फोटोला फुगे चिकटवून त्यात संवाद लिहितात. शाळेत रेंज फक्त हातपंपाजवळ येते, म्हणून साडूंचा मोबाइल पंपाकडच्या खिडकीत पापडासारखा वाळत ठेवलेला असतो आणि त्याच्या नेटवर वर्ग चालतो. शाळेच्या वेळात फोन केला तर पाणी भरायला आलेली कुणीतरी बाई उचलते आणि सांगते, "गुरुजी फोटू करायलेत. मंग लावा."

एकदा मुख्याध्यापकांनी शाळेत रोप लावलं. त्याचा फोटो वर पाठवायचा होता, आणि साडूंनी तो सरावासाठी वर्गाला दिला. पोरांनी मागचा कचरा पुसायला बटण दाबलं. यंत्राला रोप कचराच वाटलं असावं. कचऱ्याबरोबर रोपही गेलं, आणि पांढऱ्याफेक पोकळीत झारी घेऊन वाकलेले, अत्यंत गंभीर मुख्याध्यापक तेवढे राहिले. घाईघाईत तोच फोटो तालुक्याच्या ग्रुपवर गेला. साहेबांनी विचारलं, "रोप कुठंय?" साडूंनी प्रामाणिकपणे लिहिलं, "सर, रोप जमिनीत हाय, फोटोत न्हाई." मुख्याध्यापक त्यानंतर बरेच दिवस त्यांच्याशी शिपायामार्फत बोलत होते.

तर अशा माणसाच्या हाती आमच्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो पडला. सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणायचो. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांची उमर गेली. कॅमेरा दिसला की, "माझा कायला काढता, पोरासोरांचा काढा," म्हणत ते बाजूला सरकायचे. ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला समोर ठेवायला फोटो नव्हता. मामींना, म्हणजे सासूबाईंना, त्याचाच घोर लागला होता. शोधशोध करून सापडला तो साडूंच्याच लग्नातला, पाचपन्नास माणसांच्या गर्दीतला. मी म्हणालो, परभणीच्या स्टुडिओत देऊ, ते कोट-टाय घालून मस्त करून देतात. साडू उखडले. "हयातभर सदरा घातलेल्या माणसाला गेल्यावर कोट घालता? माझी पोरं करतील."

पोरांनी केले. तीन टॅब, तीन गट, तीन मामा. पहिले मामा नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर शोभावेत इतके गोरे. दुसऱ्या मामांच्या पाठीमागे बर्फाचे डोंगर. मामांनी उभ्या जन्मात पाहिलेला बर्फ म्हणजे लग्नाच्या पंगतीत पिंपात टाकलेली लादी. आणि तिसऱ्या मामांना कुण्या उत्साही पोराने कोट घातलाच होता. साडूंनी तिन्ही फोटो कौतुकाने मामींपुढे मांडले. मामींनी एकेक हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोण पाव्हणे हायेत?" त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. मामींनी फोटो एकावर एक नीट ठेवले आणि म्हणाल्या, "असू द्या मास्तर. नुस्ती फुलं ठिवू."

मला साडूंचा असा काही राग आला की बोलता सोय नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरीच राहिलेली बायको फोनवर सांगते तर काय, साडूंनी मामींना मोटारसायकलवर बसवून थेट शाळेत नेलं होतं. म्हातारीची हाडं ठिकाणावर आहेत की नाही हे बघायला मी परभणीहून गाडी काढली. पोहोचलो तर मामी गुरुजींच्या खुर्चीवर, पदर सावरून, साक्षात शिक्षणाधिकारी. पोरांनी मूळ फोटो पुन्हा उघडला होता. पल्लवी नावाची एक मुलगी टॅब धरून विचारत होती, "आजी, ह्यो कपाळावरचा डाग काढू का?"

"डाग न्हाई त्यो. बैलानं शिंग मारलेलं हाय. राहू दे."

"डोळे मोठे करू?"

"कशाला? हसताना बारीकच व्हायचे."

"मंग उजेड तरी वाढवू?"

"वाढव जरासा. लय नको, ते काळेच होते."

साडू मागे उभे होते. हातातला खडू नुसता फिरवत होते. ज्या माणसाने मला वीस वर्षं खिडकीकडे सरकवलं, तो एका शब्दाने मध्ये पडला नाही. गर्दी एकेक करून पुसली गेली आणि मामा एकटे राहिले, अगदी मामांसारखे. फक्त खांद्यावर कुणाचा तरी हात उरला होता, बोटात नवी कोरी अंगठी असलेला.

"सर, ह्यो हात कुणाचाय? पुसू?"

"पूस," साडू म्हणाले. "माझाच हाय."

"थांब गं," मामी म्हणाल्या. "त्या दिशी बी हे निघालेच होते मांडवामागं. मास्तरांनी खांदा धरून ठिवला म्हणून फोटोत आले. तो हात काढशील तर हे बी जातील निघून."

पल्लवीने बोट उचललं. साडू, रेंज बघून येतो, म्हणून हातपंपाकडे गेले ते तास संपेपर्यंत आले नाहीत.

कार्यक्रमाला तोच फोटो होता. पांढऱ्या कपड्यावर फुलं, मेणबत्त्या आणि मामा, खांद्यावरच्या हातासकट. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हात कुणाचा? मामी सांगायच्या, "धाकल्या जावयाचा." मी थोरला जावई, तिथेच सतरंजीवर बसून ऐकत होतो.

परत आल्यावर बायकोने आमच्या लग्नाचा अल्बम काढला. मामा एकाही फोटोत नाहीत. एका फोटोच्या कडेला पांढऱ्या सदऱ्याची एक बाही तेवढी दिसते. बायको म्हणते, ती त्यांचीच. मी साडूंना फोन लावला आणि विचारलं, बाहीवरून पुढचा माणूस आणता येतो का?



"न्हाई भाऊ," ते म्हणाले. "फोटोत आलंच न्हाई ते न्हाई आणता येत." आणि फोन ठेवता ठेवता, "पण पाठवा तुमी. बाही उजळून देतो."