शनिवारची उसनी नात

सौंसरच्या सार्वजनिक वाचनालयात दर शनिवारी चार वाजता मुलांसाठी गोष्टीचा तास असतो. त्या तासाला प्रौढांना प्रवेश नाही. सोबत मूल असेल तरच पालक म्हणून बसता येते. हा नियम मी लिहिला. त्यामागे माझे तीस वर्षांचे अध्ययन होते, एवढे सांगितले म्हणजे तो इतका वाईट कसा झाला याचा उलगडा होईल.

मी समाजशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. प्रौढाला बालवाङ्मयापुढे बसवणे हा त्याच्या नागरी प्रतिष्ठेचा अवमान होय, असे माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण सांगते. वाचनालयाच्या कार्यक्रम समितीचा अध्यक्ष झाल्यावर ते प्रकरण अमलात आणण्याची संधी मला मिळाली. प्रौढांसाठी मी रविवारी सकाळी प्रबोधन वर्ग सुरू केला. त्यात मी बोलत असे. सरासरी उपस्थिती चार. त्यांत एक आमची ग्रंथपाल सुप्रिया, जिला नोकरीमुळे उठून जाता येत नसे, आणि दोघे पंख्याखाली बसची वाट पाहणारे. छिंदवाड्याची बस लागली की माझा श्रोतृवर्ग निम्म्यावर येई.

शांताबाई सोमकुंवर मला प्रथम दिसल्या त्या शनिवारच्या तासाला, मागच्या भिंतीशी. वय एकाहत्तर. सारा जन्म कापूस वेचण्यात आणि संत्री निवडण्यात गेलेला. मी त्यांना बाहेर बोलावले आणि अत्यंत आदराने नियम समजावला.

"बाई, तुमच्यासाठी रविवारचा वर्ग आहे."

"आली होती ना मी एक डाव."

"मग?"

"तुमी लय चांगलं बोलून राहिले होते, सर. मले झोप लागली."

श्रमिक वर्गाच्या संचित थकव्याचे लक्षण म्हणून मी हे उत्तर टिपून ठेवले.

पुढच्या शनिवारी शांताबाई सात वर्षांच्या एका मुलीचा हात धरून आल्या. ती त्यांच्या शेजारच्या कुसुमची भाग्यश्री, हे मला ठाऊक होते.

"ही कोण?"

"नात."

"तुमची?"

"शनिवारची."

मला आक्षेप घेता आला नाही. 'पालक' या शब्दाची व्याख्या करताना मी रक्ताच्या नात्याची अट जाणीवपूर्वक गाळली होती; कुटुंबकेंद्री विचाराला माझा तात्त्विक विरोध आहे. नोंदवहीत दोन रकाने होते, बालकाचे नाव आणि पालकाचे नाव. दोन्ही भरले गेले.

महिनाभरात ही युक्ती मोहल्लाभर झाली. निवृत्त बस कंडक्टर तुळशीराम भावाची नातवंडे घेऊन येऊ लागला. शनिवारी दुपारी मोहल्ल्यात मुलांचा तुटवडा पडू लागला, आणि जो फुटाणे देईल त्याची नात होण्याचे धोरण भाग्यश्रीने स्वीकारले. समितीच्या अहवालात मी लिहिले, 'आंतरपिढीय सहभागात लक्षणीय वाढ.' श्रेय माझ्या नियमाकडे जाईल अशी वाक्यरचना मी साधली होती.

त्याच सुमारास सुप्रियाने तीन शनिवार चालणारी एक गोष्ट सुरू केली. एका मुलीची शेळी डोंगरात हरवते. गळ्यातली घंटी ऐकू येते, शेळी मात्र दिसत नाही. दुसरा शनिवार तिथेच संपला.

तिसऱ्या शनिवारी शिपाई रजेवर असल्याने नोंदवहीपाशी मीच होतो. शांताबाई एकट्याच आल्या.

"नात कुठे आहे?"

"रामाकोन्याले गेली, मामाच्या लग्नाले. सारा मोहल्ला फिरली मी, एक पोट्टं नाई भेटलं. त्या तुळशीरामानं दोन-दोन धरून ठेवले."

"मग पुढच्या शनिवारी या."

"पुढच्या शनिवारी दुसरी गोष्ट राहीन. शेवट आज हाय."

शेवटाचा सारांश सुप्रिया नंतर सांगेल, असे मी सुचवले. सारांशावर माझे सारे आयुष्य गेले असल्याने त्यात काही उणे असेल असे मला वाटले नाही.

शांताबाई दारातच टेकल्या. "लहानपणी आमी कापूस वेचाले जाओ, सर. एक म्हातारी वेचता वेचता गोष्ट सांगे. हात लय चाले तिचा. साऱ्या बाया तिच्या बराबरीनं पुढं जात. माह्या कडेवर भाऊ राहे, मी मांगं पडून जाओ. गोष्ट पुढं निघून जाये. लय गोष्टी येतात मले, पन साऱ्या अर्ध्याच."

शाळागळतीच्या कारणांचा एक तक्ता माझ्या प्रबंधात आहे, अठरा कारणांचा. गोष्ट शेताच्या पुढच्या टोकाला निघून जाणे हे कारण त्यात नाही. तरीही मी म्हणालो की एकाला सूट दिली तर नियमाचे न्याय्यत्व उरत नाही. हे मला खरेच वाटत होते, आणि अजूनही थोडेसे वाटते.

शांताबाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुमचं वय किती, सर?"

"चौसष्ट."

"मंजे माह्याहून सात वर्सानं लहान. चला मंग अंदर."

"बाई, इथे बालक म्हणजे..."

"वय कुठं लिहिलं हाय तुमच्या कागदात? तुळशीरामानं वाचून दाखवलं मले. नाई लिहिलं."

लिहिले नव्हते. बाल्य ही समाजनिर्मित कोटी आहे, हे माझ्या प्रबंधाचे सहावे प्रकरण. त्याच्याशी प्रामाणिक राहून मी वयाची मर्यादा टाळली होती. आतून सुप्रियाचा आवाज सुरू झाला. शांताबाई उठून उभ्या राहिल्या. मी लेखणी उचलली आणि बालकाचे नाव या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले, 'रघुनाथ'.

सतरंजीवर बसताना माझे गुडघे वाजले. तुळशीरामाने तोंडाला रुमाल लावला. शेजारची मुलगी म्हणाली, "मांडी घाला ना, मांगच्याले दिसत नाई." मी मांडी घातली. गोष्टीतल्या मुलीला शेवटी झुडपात अडकलेली शेळी सापडते आणि दोघी घरी येतात. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शांताबाईंनी वाजवल्या नाहीत.

दाराशी मी विचारले, "मिळाला ना शेवट?"

"भेटला."

"मग?"

"बरा हाय. पन अडकली असती तं ओरडली असती ना शेळी. हे तं चूप होती. मी तीन शनिवार सोचून राहिली होती का ते तिथं व्याली असन. पिल्लू सोडून कशी येईन?"

सुप्रिया कुलूप हातात घेऊन ऐकत होती. "आजी, हे मुलांना सांगाल का?"

"सांगीन. पन मले पोट्टं लागते ना बसाले."

नियम बदलायचा तर समितीची सभा हवी, आणि सभेला गणपूर्ती हवी. ती माझ्या रविवारच्या श्रोत्यांसारखीच दुर्मीळ आहे. तोवर व्यवस्था अशी, की शनिवारची गोष्ट शांताबाई सांगतात आणि मी बालक म्हणून सोबत जातो. गेल्या शनिवारी मला दहा मिनिटे उशीर झाला. त्या दारातच उभ्या होत्या, आत मुले गलका करत होती.

"काहून उशीर केला, सर? तुमच्यापायी थांबून राहिली ना गोष्ट."