मंगळीची चार बोटं

नवशाच्या गाळ्यावर पिवळ्या फायबरचे पत्रे आहेत. दुपार कलली की आतला उजेड काकवीसारखा दाट होतो, हवेत काचेची धूळ तरंगत राहते आणि उभी असलेली गाडी आता जमीन सोडून चालू लागेल असं वाटतं. बोईसरजवळच्या सरावलीत गाळ्यांना तोटा नाही. कुणी पत्रा वाकवतं, कुणी कंपन्यांचे पंप दुरुस्त करतं. गाड्यांना फायबरच्या बंपर-मडगार्डांचं नवं अंग चढवणारा मात्र नवशा एकटाच. एवढ्या वेगवान गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, पण स्वतः तो सायकलवरूनसुद्धा गटारात पडलेला गृहस्थ.

तो मूळचा डोंगराकडच्या पाड्यावरचा. भात झोडून झालं की तो आणि त्याची बायको मंगळी कामासाठी बोईसरला उतरायची. एका वर्षी तारापूरच्या बाजूला फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि दोघं इथलीच झाली. काचेच्या तंतूंची मॅट साच्यात पसरायची, तिच्यावर ब्रशनं राळेसारखं चिकट रेझिन थोपटायचं, कडक झालं की कवच सोडवून घ्यायचं. टाकी जमते तर गाडीचा बंपर का जमू नये, हे मंगळीचं म्हणणं. गाळा तिच्याच हट्टानं घेतला. ती अंग घडवायची, नवशा ते गाडीला बसवायचा.

बंपर जिथे बोल्टला अडकतो तो आतला कोपरा म्हणजे तिचा प्राण. तिथे ती पावडर कालवलेल्या रेझिनचा घट्ट गोळा भरायची आणि तो आवळत आला की बोटांना मेण चोळून चार बोटं दाबून बघायची, कणीक नीट मळली गेली का ते बघावं तशी. ते चार खळगे तिथेच राहायचे. बाहेरून दिसत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक कधी कुरकुरलं नाही.

"सही करते का गो?" नवशा चिडवायचा.

"तुज्यासारकी शाई नाय लागत मला," ती म्हणायची.

हीच चार बोटं ती त्याच्या खांद्यावरही दाबायची. ग्राइंडर चालू असला की हाक ऐकू येत नसे. मग ती मागून येई, खांदा दाबी आणि निघून जाई. म्हणजे जेवण वाढलंय, चल. नवशा ग्राइंडर बंद करायचा आणि मागे न बघताच "आलो" म्हणायचा.

तीन पावसाळ्यांपूर्वी कावीळ झाली आणि मंगळी गेली. तिनं घडवलेलं सगळं गाड्यांबरोबर कुठल्या कुठे गेलेलं. घरात राहिला आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात चेहरा होता, हात नव्हते. तिचा आवाज नवशाला आठवे, रागावणं तर लख्ख आठवे. खांद्यावरची ती बोटं मात्र दिवसेंदिवस पुसट होत चालली होती. आपण तिला दुसऱ्यांदा घालवतोय, असं त्याला वाटे आणि तो आतून तुटायचा.

अशात एका रविवारी सुजीत आला. हा एका कंपनीतला सुपरवायझर. बुटकी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार त्यानं जुन्या बाजारातून उचललेली, पण तोरा असा की आजच बोहल्यावर चढायचंय. मागून टेंपोत ऑनलाइन मागवलेली रुंद फायबरची मडगार्डं आली.

"नवशाकाका, नुसते बोल्ट आवळायचेत," तो म्हणाला.

नवशा हसला. विकतच्या फायबरचं आणि गाडीचं पहिल्या दिवशी कधी पटत नाही. भोकं जुळेनात, कड दोन बोटं वर राहिली. थोडं घासायचं, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. दार आणि मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. त्यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागला. बोल्ट चाचपायला नवशानं आतल्या कोपऱ्यात हात घातला आणि त्याची बोटं चार खळग्यांत जाऊन बसली.

त्यानं एकेक खळगा चाचपला. मधल्या बोटाचा खळगा जरा तिरपा होता. विळा लागून मंगळीचं मधलं बोट तसंच वाकडं झालं होतं. गाडी तेव्हा पांढरी होती, म्हणून ओळखली नाही.

"काय झालं काका? तडा गेलाय?" सुजीतनं विचारलं.

"नाय. माज्या बाईच्या हातचा हाय ह्यो बंपर. आमीच लावलेला."

सुजीतनं वाकून आत बघितलं. मग म्हणाला, "कोपरा कापून ठेवून घ्या. मी नवा बंपर घेईन."

माणूस तोऱ्याचा असला तरी मनानं चांगला होता. पण नवशानं मान हलवली. "कापला तर गाडीचं नाक लटकंल. तिनं मजबूत केलेला कोपरा मी कमजोर करू?"

सुजीत गेल्यावर नवशा बंपर मांडीवर घेऊन बसला. साच्याचं काम तो टाक्यांच्या कारखान्यातच शिकला होता. खळग्यात रेझिन भरलं तर बाहेर येईल ते बोट. पण आतली बाजू खडबडीत होती. मेण एखाद्या ठिकाणी जरी चुकलं, तरी नवं रेझिन जुन्याला कायमचं धरून बसणार आणि मंगळीचे खळगे बुजून जाणार. आहे ते जपावं, की बोटांसाठी तेही पणाला लावावं?

मडगार्डं बसवून झाली, फट सारखी झाली, आणि शेवटी त्यानं मेण घेतलंच. चढवलं, पुसलं, परत चढवलं. त्यावर साचा सुटायला लावतात तो पाण्यात विरघळणारा पातळ थर दिला. तो कांद्याच्या सालीसारखा वाळला, तेव्हा रेझिन भरलं.

ते कडक झालं, पण सुटेना. रबरी हातोडीनं ठोकलं, तरी नाही. हातोडी पुन्हा उगारली आणि त्याला मंगळीचं ओरडणं आठवलं, "हाणतो काय रं? पाणी पाज त्याला!" त्यानं कडेनं पाणी सोडलं आणि पिवळ्या उजेडात हात जोडून बसून राहिला. पाणी झिरपत गेलं. टक् असा बारीक आवाज झाला. खळगे जागेवर होते, आणि त्याच्या तळहातावर एकाच तुकड्यात चार बोटांची टोकं होती, मधलं तिरपं.

संध्याकाळी नवशा-मंगळीची लेक सपना पालघरच्या दुकानातलं काम आटपून गाळ्यावर आली. नवशानं तो तुकडा तिच्या हातात ठेवला. तिनं तिरप्या बोटावरून अंगठा फिरवला आणि आईचं बोट ओळखलं. लेकीसमोर रडायला नको म्हणून नवशा वळला आणि काही काम नसताना ग्राइंडर चालू करून उभा राहिला.

सपनानं तो तुकडा मुठीत धरला, पार ऊब येईपर्यंत. मग ती मागून आली आणि बापाच्या खांद्यावर तो हलकेच दाबला.

नवशानं ग्राइंडर बंद केला. मागे न बघताच तो म्हणाला, "आलो."