गजावरचे दोन दोरे

कासममामू कुणाच्याही खोलीवर गेला की आधी सलाम करायचा आणि मग दिसेल ती झाकलेली वस्तू वाजवून बघायचा. पाण्याचं पिंप, गॅसचा सिलिंडर, तांदळाचा डबा. "भरलेला आहे," असं मालकाने सांगितलं तरी बोटाचं पेर आपटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जिझानमध्ये मी पोचलो त्या दिवशी त्याने माझ्या गॅस मास्कचा डबाही असाच वाजवला, उघडला, आत बघितलं आणि म्हणाला, "ह्याच्यात तर कुनाचं तरी नाक हाय."

तो मास्क मी दम्मामहून घासाघीस करून आणला होता. आखाती युद्ध पेटलं आणि आमच्या डोक्यावर क्षेपणास्त्रं यायला लागली, तेव्हा माझ्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर मी कामाला होतो त्या अरब मालकाने, स्वतःच्या कुटुंबासाठी सगळ्या आकारांचे मास्क आणले आणि एसी दुरुस्त करणाऱ्या आम्हा पाच जणांना ओले टॉवेल वापरायचा सल्ला दिला. मी असा तडकलो की त्याने मास्क दिला, प्रवासाची चिठ्ठी दिली आणि "परत येऊ नकोस" असंही सांगितलं. मास्क आणि चिठ्ठी घेऊन मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिझानला आलो. तिथे ओळखीचा म्हणून एकच माणूस होता, माझ्या आईच्या गावचा हा मामू. मास्क त्याने लगेच कामाला लावला. मिरचीची फोडणी देताना घालायचा.

मामू दापोलीकडचा. त्याच्या बापाकडे रानडुकरांपासून शेत राखायची परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि मामू लहानपणापासून ती धूत आला होता. जिझानमध्ये शेख अबू नासिरच्या हार्डवेअरच्या दुकानात तो कुलपं दुरुस्त करायचा. पण त्याची खरी इज्जत मागच्या खोलीत होती. वरच्या डोंगरातले लोक आजा-पणजाच्या ठासणीच्या बंदुका घेऊन त्याच्याकडे यायचे. लग्नात पुरुष रांगेत नाचतात, उडी मारतात आणि पायाखालच्या जमिनीकडे नळी करून नुसत्या बारुदाचा बार काढतात, त्यासाठी त्या लागत. असे दाढीला मेंदी लावलेले म्हातारे आमच्या या लुंगीवाल्याला "उस्ताद" म्हणून हाक मारायचे, तेव्हा मला हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा.

मला हवा होता कागद. जुन्या कफीलने हाकललं होतं. नवा कफील मिळाला नाही तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपताच गाशा गुंडाळून गावी जावं लागणार, आणि गावी मी "दम्मामला माझं दुकान आहे" असं सांगून ठेवलेलं. अबू नासिरने मनात आणलं तर मी त्याच्या नावावर येऊ शकत होतो. मी त्याच्यापुढे तीनदा बोललो, हिशेब मांडला, एसीच्या धंद्याची स्वप्नं दाखवली. तो फक्त कॉफी ओतत राहिला. शेवटी म्हणाला की रमजानच्या आधी मुलाचं लग्न आहे, उस्तादाचा भाचा आहेस, तर रांगेत उभा राहा, मग बोलू. मी लगेच हो म्हटलं. बंदूक मी त्याआधी कधी हातातही धरली नव्हती.

मामूने शिकवायला घेतलं आणि पहिले आठ दिवस बारुदाचा वाससुद्धा दिला नाही. नुसती नळी धुवायला लावली. गरम पाणी, चिंधी, पुन्हा गरम पाणी, मग तेल. "बार एक, भांडी चार," असं तो म्हणायचा. मी वैतागून म्हटलं की मला बंदूक उडवायची आहे, मोलकरीण व्हायचं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मोलकरीन झालास तर उडवशील. नायतर बंदूक तुला उडवील."

मग ठासणं आलं. फिल्मच्या रिकाम्या डबीने बारूद मोजायचं, वर काथ्याचा बोळा, गजाने दाबायचं, शेवटी घोड्याखाली ठिणगीची टोपी चढवायची. काथ्या त्याला कोकणातलाच लागायचा. सुट्टीवरून परतणाऱ्यांकडे लोक लोणची आणि सुकी मासळी मागायचे. हा नारळाची सोडणं मागायचा. गोण्यांचा तागही चालेल असं मी सुचवलं, तर त्याने मी हराम काही बोलल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

पण त्याचा सगळा जीव त्या गजात होता. गजावर त्याने दोन दोरे बांधले होते. नळी रिकामी असली की गज आत टाकल्यावर लाल दोरा नळीच्या तोंडाशी यायचा. बरोबर भरलेली असली की पांढरा. प्रत्येक बारानंतर, पुन्हा भरण्याआधी, गज टाकून लाल दोरा बघायचाच. मी म्हणायचो, "अरे, आत्ता तर माझ्या हातात वाजली." त्याचं उत्तर ठरलेलं, "तू बोलतोस, तुझे कान बोलतात. गज खोटं बोलत नाय. आधी गज टाक, मग बोल."

महिन्याभरात मला त्याचं वेडच लागलं. कागदासाठी सुरू केलेलं काम, पण दुपारच्या वाळूत तो बार, तो पांढरा ढग आणि कुजक्या अंड्यासारखा वास यांच्यासाठी मी दुकान बंद व्हायची वाट बघू लागलो. पहिल्यांदा आम्ही शहराबाहेर बार काढला तेव्हा पलीकडच्या मळ्यातला इजिप्तचा कामगार सद्दाम आला समजून विहिरीच्या खोलीत जाऊन बसला. मामूने त्याला माझा मास्क देऊन बाहेर काढलं.

युद्ध संपलं आणि लग्न आलं. रांगेत आम्ही पंधरा जण, मी अगदी टोकाला. पहिला बार छान गेला, दुसराही. लोक ओरडत होते, अबू नासिर माझ्याकडे बघून मान हलवत होता. तिसऱ्या वेळी सगळ्या नळ्या एकदम वाजल्या आणि धुरात मला माझं नाकही दिसेना. शेजारचे भराभर भरू लागले. आता गज टाकून दोरा बघत बसलो तर मागे पडणार. मी सरळ बारूद ओतलं, ठासलं, टोपी बसवली आणि उडीच्या तयारीत वाकलो.

मागून कुणीतरी माझं मनगट पिरगाळलं. मामू होता. त्याने बंदूक हिसकावून घेतली, टोपी काढून फेकली, नळीत गज टाकला आणि पुन्हा काढला. मग सगळ्यांसमोर मला म्हणाला, "खलास. घरी जा."

रांग हसली. नवरा मुलगा हसला. मी पायांतल्या चपला तिथेच टाकून निघालो. चौथ्या दिवशी अबू नासिरने मला बोलावून कागदावर सही केली, आणि मी समजलो की माझी जीभ शेवटी कामाला आली. मामूशी मी बोलणं टाकलं. त्याच दुकानाच्या पुढच्या भागात मी एसीचा धंदा मांडला, मागे तो कुलपं उघडत बसायचा. डोंगरातले म्हातारे का कोण जाणे येईनासे झाले. दीड वर्षाने तो कायमचा गावी गेला, तेव्हा मी मुद्दाम एका गिऱ्हाइकाशी भावावरून भांडत राहिलो.

पुढे कितीतरी वर्षांनी अबू नासिर कॉफी पिताना सहज म्हणाला, बिचारा उस्ताद, त्या लग्नात त्याचा हात चुकला. मी विचारलं, कसा? तर मामूने त्याला सांगितलं होतं की बंदुकीचा घोडा आपण नीट बसवला नव्हता, पोराने भरण्यात काही चूक केली नव्हती, त्याच्यावर राग धरू नका. आणि उस्तादाची दुरुस्ती बिघडते म्हटल्यावर डोंगरातून कोण येणार?

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गज पाहिला होता. पांढरा दोरा नळीच्या तोंडापासून चार बोटं वर उभा होता. माझा तिसरा बार उडालाच नव्हता. त्याच्यावर मी दुसरा ठासला होता, आणि तो उडवला असता तर नळी माझ्याच हातात फुटली असती. ते मी पाहिलं होतं आणि इतकी वर्षं पाहिलं नाही असं धरून चाललो होतो. पण या माणसाने मला न विचारता माझी चूक स्वतःवर का घ्यावी? असला एकतर्फी सौदा मी जन्मात कुणाला करू दिला नव्हता.

पुढच्या सुट्टीत मी त्याच्या घरी भांडायलाच गेलो. काय बोलायचं ते दापोलीपर्यंतच्या एसटीत पाठ केलं होतं. मामू पडवीत खाटेवर होता, आजारपणाने निम्मा उरलेला. मला बघून त्याला नवल वाटलं नाही. बापाची बंदूक कोपऱ्यात उभी होती, शेजारी तसाच दोन दोऱ्यांचा गज.

मी उभ्यानेच सुरू केलं, "मामू, मला एक सांग, त्या दिवशी—"

त्याने हात वर करून थांबवलं आणि कोपऱ्याकडे बोट केलं. "ती रिकामी हाय?"

"असेल. इतकी वर्षं पडून आहे."

"असेल?"

मी चडफडत गेलो. बंदूक उभी धरली, गज आत सोडला. तो खाली टेकला आणि विटून तपकिरी झालेला लाल दोरा नळीच्या तोंडाशी बरोबर येऊन थांबला.

"रिकामी आहे," मी म्हटलं.

मामूने डोळे मिटून घेतले आणि उशीवर मान टाकली. "आता बोल."

पाठ केलेलं सगळं मी विसरलो होतो. पातेल्यात पाणी तापवलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची नळी धूत बसलो.