फादरांसाठी राखलेली खुर्ची

शेजारी चूल पेटलेली नाही हे कळल्यावर तुम्ही कुणाच्या परवानगीची वाट पाहता?

आमच्या वसईकडच्या गावात गरजूंच्या घरी जाणाऱ्या चर्चच्या मदत मंडळाची पहिली सभा शाळेच्या वर्गात भरली. नियम साधे होते: अध्यक्ष आपल्यातलाच, फादर फक्त सल्लागार, आणि कुणाच्या घरी जायचं तर दोघांनी मिळून. तरी सवयीने अध्यक्षाची मधली खुर्ची फादरांसाठी राखली गेली. फादर मात्र मागच्या बाकावर बसले. अंथरुणाला खिळलेल्या मार्था मावशीकडे जेवण घेऊन कोण जाणार, हा पहिलाच प्रश्न निघाला आणि सगळ्या माना मागे वळल्या.

“माझ्याकडे काय बघता? मला इथे मत नाही,” फादर म्हणाले.

“मग ठरवायचं कुणी?” पास्कू काका गोंधळले.

“मावशी उपाशी आणि आपण खुर्ची राखत बसलोय!” मासळी विकणारी इनास बाय उठली आणि सरळ त्या खुर्चीत बसली. “पास्कू, उद्या सकाळी तू न् मी जाऊ. दोघांनी जायचं, असंच लिहिलंय ना नियमात?”

फादर हसले. कागदावरचा नियम त्या क्षणी आमचा झाला. श्रद्धेला पुढारी लागतो, हे मी तेव्हापासून मानत नाही.

येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की एकाला सोबत घ्या आणि ज्या दारावर कुणी थाप मारत नाही, तिथे जा.