गप्प माणसाला आधी

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी सिस्टर कोणावरही ओरडल्या नाहीत.

एरवी सात वाजता त्यांचा आवाज सोसायटीचे तिन्ही मजले उतरायचा. पाण्याचा टँकर, भाजीवाला, चेअरमन, कोणी सुटत नसे. एकाहत्तरच्या लढाईत त्या सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात नर्स होत्या. जखमींचा ट्रक आला की मनगटांना फिती बांधायच्या. तांबडी म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे थोड्या वेळाने, हिरवी म्हणजे चालत जा. लढाई संपल्याचं त्यांना बहुधा कोणी कळवलं नाही. निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात आल्यावरही जुन्या साड्या फाडून केलेल्या फिती त्यांच्या डबीत असत, आणि कोणाला काही झालं की डॉक्टरच्या आधी सिस्टर पोहोचत.

त्यांचं शास्त्र एवढंच होतं: "ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. गप्प आहे त्याला आधी बघा."

तळमजल्यावरच्या सुनीताच्या लग्नात, भर मे महिन्यात, तिच्या मामांनी मानपानावरून मांडव डोक्यावर घेतला होता. सिस्टरनी त्यांना हिरवी बांधली आणि सरळ बोहल्याकडे जाऊन नवरदेवाला तांबडी. "हा सकाळपासून एक शब्द बोललेला नाही," म्हणत त्याला आडवा केला, पाय दोन लोडांवर ठेवले. मुलगा खरंच उपाशी होता, घेरी यायच्या बेतात होता. भटजी थांबले.

"तुम्ही चालू द्या," सिस्टर म्हणाल्या. "मंगलाष्टकं ऐकायला उभं कशाला राहायला पाहिजे?"

लग्न तसंच लागलं. अंतरपाट चादरीसारखा आडवा धरावा लागला. मामा पुढे वर्षभर विचारत होते, "मलाच हिरवी का?"

मला कायम तांबडी. मी शाळेतला ग्रंथपाल, म्हणून त्यांच्या लेखी मास्तर. बोलणं मुळात कमी. बायको गेल्यावर तेही थांबलं. सिस्टर रोज चहा घेऊन येत आणि मनगट तपासत.

"मास्तर, एकदा ओरडा. कोणावरही. मग सोडते."

"बरं."

"बरं म्हणणं म्हणजे ओरडणं नव्हे."

दोन वर्षांत माझ्या चार फिती झिजल्या. लोकांना वाटे, नवस आहे.

त्या मंगळवारी आवाज आला नाही म्हणून मी वर गेलो. खाली टँकरचा भोंगा वाजत होता आणि सिस्टर खुर्चीत बसून तो नुसता ऐकत होत्या. मी डबीतली तांबडी फीत त्यांच्या मनगटाला बांधली. "गाठ चुकली," त्या हळूच म्हणाल्या. मी रिक्षा बोलावली.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्यांनी डबी उघडायला लावली. तळाशी एक काळी फीत होती, घडी घातलेली.

"वाचणार नाही त्याची ही," त्या म्हणाल्या. "तिकडे पुष्कळ बांधल्या. इकडे एकही नाही. आता मला बांधा. हे लोक उगीच माझ्यापाशी वेळ घालवताहेत. शेजारची पोरगी बघा, कधीची गप्प पडलीय."

"नाही बांधणार," मी ओरडलो. पुढे काय काय ओरडलो ते आठवत नाही. नर्स धावत आली. सिस्टरनी तिला बोटाने शेजारची खाट दाखवली. तिने पोरीची नाडी पाहिली आणि डॉक्टरांना हाक मारली.

मग सिस्टरनी माझं मनगट ओढून तांबडी सोडली आणि हिरवी बांधली. गाठ बरोबर बसली.

"चालत घरी जा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आता सकाळी सात वाजता टँकरवाल्यावर मी ओरडतो. अजून नीट जमत नाही. डबी माझ्या टेबलावर आहे आणि काळी फीत तिच्यात तशीच घडी घातलेली आहे.