बोटाने बघायचं घड्याळ

ज्या दिवशी कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की वहिनींची नजर परत येणार नाही, त्या दिवशी दादा घरी आले, हातपाय धुतले आणि टेबलाशी जाऊन बसले. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. मी विचारपूस करायला गेलो होतो. दादांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, “मास्तर, काच उघडणारा घड्याळ करूचा आसा.”

दादा आमचे तारकर्लीचे शेजारी. त्यांचा जन्म मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेला आणि तिथल्या आवाजात कान अर्धेअधिक गेले. बोटीवरून कायमची परतलेली माणसं नारळ मोजतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत भांडतात. दादा घरात बसून मनगटी घड्याळं जुळवू लागले. मशीन, केस, काटे कुरियरने यायचे. डायल मात्र ते स्वतः पितळेच्या पत्र्यातून कापायचे. पंखा बंद, खिडक्या बंद, हातात चिमटा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल; हातात काम आलं की समोर कोण बसलंय हे विसरणारा.

घड्याळ जुळलं की ते दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. टिकटिक त्यांना कानाने कळत नसे, दातांतून कळे. वहिनींना दिसत होतं तेव्हा त्या आतून म्हणायच्या, “खातास काय ता? भात जालो, जेवक येवा.”

केलेली घड्याळं ते वाटून टाकत. मला दिलेलं रोज मागे पडायचं. तक्रार केली तर म्हणाले, “मगे तुमका घाई खंय आसा?”

नजर गेल्यावरही वहिनींचा हात चुलीपाशी चुकला नाही. एकच गोष्ट त्यांना सोसेना. “कितके वाजले, कितके वाजले, भिकारणीसारख्या विचारीत रवाचा?” मुलीने मुंबईहून बोलणारं घड्याळ पाठवलं. बटण दाबलं की एक बाई मोठ्याने वेळ सांगायची. वहिनींनी आठवड्याच्या आत ते परत पाठवलं. “वेळ मी बघतलंय, ता अख्ख्या वाडीक कशाक सांगूचा?”

दादांनी केलेल्या पहिल्या घड्याळाची काच बिजागरीवर उघडायची आणि आकड्यांच्या जागी ठिपके होते. ते मनगटावर आलं त्या दिवशी वहिनींनी सकाळी दहालाच पानं घेतली. दोन काट्यांची बोटाखाली अदलाबदल झाली होती आणि दहाचे जवळपास बारा होऊन गेले होते. दादा जेवले, वर सोलकढी मागून घेतली, आणि हात धुऊन आल्यावर म्हणाले, “काटे माजे चुकले गो.”

“ठिपके पण,” विळीकडे हात करत वहिनी म्हणाल्या. “आडळ्यार नारळ कातून कातून बोटां म्हशीच्या शिंगासारकी जाली हत. तेंका तुमचे ठिपके काय लागतले?”

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दादा एका लाकडी चकतीवर डिंकाने दाणे चिकटवत होते आणि वहिनी त्यावरून बोट फिरवत होत्या.

“ही मोहरी.”

“नाय लागणा. फुडे.”

“मेथी?”

“ही लागता.”

“आणि चवळी?”

“घड्याळ करतास काय उसळ?”

दादांना ते ऐकू गेलं नसावं. मी मोठ्याने हसलो तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि कारण न विचारता तेही हसले. अखेर असं ठरलं की बाराच्या जागी मूग, तीन, सहा आणि नऊला मेथी, आणि मधे काहीच नको. त्या मापाचे पितळी दाणे त्यांनी डायलवर बसवले. तासकाट्याच्या टोकाला गोळा ठेवला, मिनिटकाट्याचं टोक निमुळतं केलं. वहिनींनी काच उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “सवाचार.” दादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत वहिनी उठल्या. “चाय ठेवतंय.”

समुद्र आमच्या घरांपासून हाकेवर आहे. काच वारंवार उघडली की खारी हवा आत जाते. म्हणून दर अमावास्येला दादा ते घड्याळ खोलायचे, पुसायचे, तेल द्यायचे. तेवढा दिवस वहिनी रिकामं मनगट चोळत घरभर फिरायच्या.

गेल्या वर्षी एका दुपारी दादा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, “केव्हा लक्षात आलं?” मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागलो. वहिनी म्हणाल्या, “तीनाक धा कमी. हात थंड लागलो तेवाच बघलंय.”

पाऊस संपता संपता घड्याळ बंद पडलं. मी ते मालवणच्या बाजारात नेलं. दुकानदाराने मागचं झाकण काढलं. आत गंज होता. “ह्या कोणी केल्यान?” तो म्हणाला. “आता हेचा काय होवचा नाय.” मी ते परत आणून वहिनींच्या हातात दिलं. त्यांनी काच उघडली, काट्यांवर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि काच लावली.

बोलणारं घड्याळ पुन्हा पाठवू का, असं मुलीने विचारलं. त्या नको म्हणाल्या.

आता वहिनी सकाळ-संध्याकाळ कुंपणापाशी येतात आणि हाक मारतात, “मास्तरानू, कितके वाजले?” मी सांगतो.