मिसळणाच्या डब्यातली माती

मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. सोलापुरात राहून हे काम करतो म्हटलं की लोक आधी उन्हाचं विचारतात, मग पाण्याचं. बागेचं कुणी विचारत नाही आणि मीही सांगायला जात नाही. गच्चीवरच्या सात कुंड्यांना बाग म्हणणं जरा जास्तच होईल.

कुंड्या मुळात आईच्या. टोमॅटो, मिरची, मेथी, कढीपत्ता, मोगरा, तुळस आणि बेल. बेल तिने अक्कलकोटकडच्या माहेराहून आणलेल्या फळाच्या बीपासून वाढवलेला. रोज सकाळी ती गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करते आणि त्यावर घरच्या बेलाचं एक पान वाहते. देवळाबाहेर टोपलीने बेल मिळतो, पण तो तिला चालत नाही. "कुणी कसा तोडलाय काय म्हाईत," म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, आणि कामाला लागलो. खरं सांगायचं तर तिच्या गुडघ्यांच्या काळजीपेक्षा मला त्या कामाचाच हुरूप जास्त होता. एक छोटा पंप, बारीक नळ्या आणि मातीतला ओलावा मोजणारी दोन दातांची पट्टी. माती सुकली की पंप आपोआप चालू, भिजली की बंद. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात थेंबही वाया जाणार नव्हता. पहिल्या दिवशी मी खुर्ची टाकून अर्धा तास त्या पंपाकडे बघत बसलो. एवढा वेळ मी कुणाच्या लग्नातही बसलेलो नाही.

पट्टी एकच होती. ती मी टोमॅटोच्या कुंडीत खुपसली. टोमॅटो सगळ्यात आधी सुकतो, त्याचं भागलं की बाकीच्यांचंही भागेल, असा माझा विचार. एक नमुना तपासायचा आणि तोच नियम सगळ्यांना लावायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. टोमॅटोला दिवसातून दोनदा तहान लागायची, म्हणून सातही कुंड्यांना दोनदा पाणी मिळायचं. मेथी खूश होती. बेलाची माती मात्र सुकायचं विसरली.

सकाळी पान तोडून आणणं आता माझ्याकडे आलं होतं. काही दिवसांनी पानं पिवळी दिसू लागली. मी मोबाईलवर पट्टीने पाठवलेले ओलाव्याचे आकडे पाहिले, आकडे ठीक होते. ऊन लागत असेल म्हणून वर जाळी बांधली. पानं गळायला लागली तेव्हा पाणी कमी पडतंय असं वाटून बेलाच्या नळीचं भोक मोठं केलं. हे लिहिताना मला माझाच राग येतो. आगीत तेल ओततात लोक, मी त्यासाठी पंप बसवला होता.

एका सकाळी तोडण्याजोगं पानच मिळेना. तेव्हा कुठे मी त्या मातीत बोट घातलं. खाली चिखल होता आणि त्याला कुजका वास येत होता. पंप बंद करून खाली आलो आणि आईला सांगितलं.

"माती आण बगू हितं," ती म्हणाली.

तेव्हापासून नवी पद्धत सुरू झाली. मिसळणाच्या जुन्या डब्यात सात वाट्या होत्या. प्रत्येक वाटीत एकेका कुंडीतली, बोटभर खोलवरची चिमूटभर माती. आई पलंगावर बसून ती चिमटीत चोळायची आणि निकाल द्यायची. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं, त्यामुळे निकालही कानडीत. 'बेकु' म्हणजे हवं, 'साकु' म्हणजे पुरे. मग मी वर जाऊन तिने सांगितलेल्या कुंड्यांनाच तांब्याने पाणी घालायचो. टोमॅटो रोज बेकु, मोगरा एक दिवसाआड, बेल रोज साकु. मी त्याच्या कुंडीची भोकं मोकळी केली, माती उकरून वारा लागू दिला. खाली पूजा पानाविना चालली होती. मी त्या वेळी तिच्या खोलीत जाणं टाळू लागलो.

एके दिवशी तिने बेलाच्या वाटीतली माती चोळली आणि वाटी बाजूला ठेवली.

"साकु?" मी विचारलं.

"माती वाळलीय. आता जाऊन फांदीला नख लावून बग."

मी वर जाऊन नख लावलं. सालीखाली हिरवं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या फांदीला लावलं, मग खोडाला; सगळीकडे तेच. खाली येऊन सांगितल्यावर तिने आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवली.

"तुला कधी कळलं होतं?"

"पैल्याच आठवड्यात. पान हातात घेतलं की कळतंय की. लई पाणी हुत हुतं त्याला."

"मग बोलली का नाहीस?"

ती वाट्या एकेक करून डब्यात लावत होती. "तू मीटिंगात लोकास्नी सांगत हुतास, आईसाटी केलंय म्हणून. लई खुशीत हुतास. भिंतीपल्याड सगळं ऐकू येतंय की."

त्या दिवशी टोमॅटो आणि मिरची बेकु होते. मी तांब्या भरला आणि वर जाऊन त्यांना पाणी घातलं.